कचऱ्याचा डोंगर

२०१५ साली लेकीकडे गेले होते तेव्हा वॉशिंग्टनच्या नॅशनल बिल्डिंग म्युझियममध्ये ब्यार्के इंगेल्स यांच्या 'बिग' या डॅनिश वास्तुसंस्थेचं 'हॉट टू कोल्ड' हे प्रदर्शन पाहिलं. उष्ण देशांपासून थंड देशांपर्यंत ओळीनं प्रतिकृती टांगलेल्या. हवा बदलली की घर बदलतं, हे न वाचताही कळत होतं. फार आवडलं.

अडले ती कोपनहेगनच्या कचरा जाळणाऱ्या कारखान्यापाशी. आत कचऱ्यापासून वीज आणि घरांना ऊब, वर छपरावर स्कीइंगचा उतार! कल्पना लोभस, खरंच. पण ताट धुऊन ते पाणी पिणाऱ्या घरात मी वाढले. लोकांनी कचरा कमी केला, तर ही भट्टी खाणार काय? प्रदर्शनात त्याचं उत्तर मला सापडलं नाही. २०१९ मध्ये उतार खुला झाला, आणि भट्टीसाठी परदेशातूनही कचरा आणला गेला.