चित्र जुळले की नाव ठरले?

डेव्हिड वॅग्नर यांचे ‘कॅटरपिलर्स ऑफ ईस्टर्न नॉर्थ अमेरिका’ (प्रिन्स्टन, २००५) हे सुरवंटांवरील उत्तम पुस्तक आहे. प्रत्येक जातीचे छायाचित्र, ओळखीच्या खुणा, आढळ आणि खाद्यवनस्पती असा त्याचा आराखडा आहे. तरीही आमचा एक आक्षेप आहे. मोठ्या रंगीत चित्रावर नजर खिळते आणि शेजारचा मजकूर वाचायचा राहून जातो.

ऑर्गिया प्रजातीचेच उदाहरण घेऊ. पाठीवर दात घासायच्या ब्रशसारखे केसांचे चार झुबके, डोक्यामागे दोन आणि मागच्या टोकाला एक अशा काळ्या केसांच्या शेंड्या. हे वर्णन ल्युकोस्टिग्मा आणि डेफिनिटा या दोन्ही जातींना लागू पडते. झुबके चटकन डोळ्यांत भरतात, पण त्यांचा रंग एकाच जातीत पांढरट ते पिवळसर असा बदलतो. खरा फरक डोक्यात आहे. पूर्ण वाढलेल्या ल्युकोस्टिग्माचे डोके लालभडक, तर डेफिनिटाचे पिवळे असते. अँटिका या तिसऱ्या जातीचे डोके काळे असून तिला दोन्ही कुशींवर जादा शेंड्या असतात.

आणखी एक खूण अंड्यांची. पंख नसलेली मादी आपल्या कोशावरच अंडी घालते. ल्युकोस्टिग्मा ती फेसाने झाकते, डेफिनिटा स्वतःच्या केसांनी. सुरवंटाच्या चित्रात ही खूण कशी दिसणार?

भारतात याच प्रजातीची पोस्टिका ही जाती आहे. तिलाही तसेच चार झुबके असतात. अमेरिकन चित्राशी ती ‘जुळली’, तर वर्गात चुकीचे नाव शिकवले जाईल.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना अशी : पुस्तक उघडण्यापूर्वी विद्यार्थ्यांना डोके, झुबके, शेंड्या, झाड आणि तारीख या पाच नोंदी करू द्याव्यात. ‘ऑर्गिया, जाती अनिश्चित’ हे उत्तरही पूर्ण गुणांचे मानावे. मात्र नाव काहीही निघो, सुरवंटाला वा त्याच्या कोशाला हात लावू देऊ नये. फ्लोरिडातील हिल्सबरो परगण्यात २०११ साली बालसंगोपन केंद्रांतील मुलांच्या अंगावर पुरळ उठले, ते अशाच सुरवंटांच्या केसांमुळे.

पुस्तक जरूर वापरावे, पण आधी सुरवंट नीट पाहावा.