आपत्तिप्रवणतेचे मापन : पेण व रोहा तालुक्यांच्या संदर्भात

नैसर्गिक आपत्तीपुढील समाजाची दुर्बलता अंकांत मांडण्याची जी पद्धती विद्यापीठीय अभ्यासांत रूढ झाली आहे, तिच्यावर सुझन कटर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निर्देशांकाची दाट छाया आहे. अमेरिकेतील काउंट्यांसाठी ४२ चलांचे ११ घटकांत संक्षेपण करून हे घटक समान भाराने बेरजेस घेण्यात आले. भिन्न भार देण्यास समर्थनीय आधार नाही, असे त्या लेखकांनी प्रांजळपणे नमूदही केले. हा प्रांजळपणा त्यांच्या अनुयायांत क्वचितच आढळतो. जनगणनेचे आकडे घेऊन हीच रीत कोकणातील तालुक्यास लावली असता तिची मर्यादा उघड होते.

तालुका हे एककच मुळात संशयास्पद आहे. आंबा नदी सुधागडातील जांभूळपाड्यावरून रोहा तालुक्यातील नागोठण्यास येते व पुढे धरमतरच्या खाडीस मिळते. जुलै १९८९ च्या पुराने जांभूळपाडा उद्ध्वस्त केले, तसेच नागोठण्यासही ग्रासले. रोहा शहर मात्र कुंडलिकेच्या काठी आहे. या दोन नद्यांच्या पुरांची सरासरी काढून कोणाच्याच पुराचे ज्ञान होत नाही.

भाराचा प्रश्न याहून गंभीर आहे. पेणच्या खारेपाटात उधाणाने बांधास खांड पडली की खारे पाणी भातशेतीत शिरते. खांड बुजविल्यावरही जमिनीतील मीठ पावसाने धुऊन निघेपर्यंत पीक धड येत नाही. घर पक्के की कच्चे, कुटुंबप्रमुख साक्षर की निरक्षर, यावर ही शेती वाचणे अवलंबून नसते. उघाडी नीट मिटते की नाही आणि खांड बुजविण्यास कोण धावतो, यावर असते. पूर्वी ‘जोळ’ या सामुदायिक व्यवस्थेतून खातेदार बांधांची निगा राखीत. १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा व १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम यांनंतर ती जबाबदारी उत्तरोत्तर शासनाकडे गेली. जनगणनेत जोळीसाठी रकाना नाही. म्हणून जेथे परस्परसाहाय्य टिकले आणि जेथे ते मोडले, ती दोन्ही गावे निर्देशांकास सारखीच दिसतात.

काळाचाही विचार त्यात नाही. पेणच्या कारखान्यांत श्रावणात शाडूच्या मूर्ती रचून ठेवलेल्या असतात. तेव्हा शिरलेले गुडघाभर पाणी वर्षाची मिळकत नेऊ शकते.

राज्यपातळीवर जिल्ह्यांची स्थूल तुलना करण्यास हा निर्देशांक निरुपयोगी नाही. गावाचे भवितव्य मात्र त्याच्या किंवा कोणत्याही यादीच्या हवाली करणे धोक्याचे. पेणलगतच्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचे नाव नव्हते. खारेपाटाच्या अभ्यासकाने तालुक्याऐवजी बांध हे एकक धरावे, आणि कोणता बांध केव्हा फुटला, किती दिवसांनी व कोणी बुजविला, हे प्रथम खातेदारांकडून नोंदवून घ्यावे.