‘स्मृतिचित्रां’तील सांत्वन

देवाने आपणांस टाकले, असे ज्यास वाटते त्यास आमचे भक्तिपर लेखन बहुधा लगबगीने उपदेश करते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त तशी घाई नाही, आणि त्यातच त्या ग्रंथाचे सामर्थ्य आहे असे आम्हांस वाटते. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई एकाकी पडल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधल्या वर्षांचे दुःख त्या झाकीत नाहीत, त्याचा अर्थ लावण्याचाही अट्टाहास करीत नाहीत. उलट स्वतःच्या फजितीवर मनमोकळे हसतात. या ग्रंथात धर्मचिंतन थोडे, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांस तो मान्य नाही. क्रूसावरील ख्रिस्ताने आपण टाकले गेल्याचा आक्रोश केला, तो देवापाशीच केला. गाऱ्हाणे घालण्यास कोणी आहे, एवढा विश्वास त्या आक्रोशातही उरतो. १९१९ साली टिळक निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे रचीत नेले. दुःखाचे उत्तर न मिळताही अपुरे काम हाती घ्यावे, याहून निराळी आशा आम्ही कोणती सांगणार?