गाय आजारी आहे, हे कुणाला सांगायचं?

युबेर शारुएल या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘पेती पेईझाँ’ हा २०१७चा सिनेमा मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा एक चांगला थरारपट म्हणून आवडला आणि विसरलो. दुसऱ्यांदा पाहिला तो २०२२च्या पावसाळ्यानंतर. तेव्हा दर दहा मिनिटांनी थांबवावा लागत होता, कारण पडद्यावरचा माणूस जे करत होता त्यातलं बरंचसं मी बोईसरला माझ्या मामाला करताना पाहिलं होतं.

नावाचा अर्थ ‘लहान शेतकरी’. (इंग्रजीत त्याचं ‘ब्लडी मिल्क’ केलंय, ते भडक आणि चुकीचं.) पिएर हा तिशीतला एकटा माणूस, त्याच्याकडे तीसेक दुभत्या गायी. देशात गायींचा एक नवा रोग पसरतोय आणि नियम सोपा आहे: एका गाईला रोग निघाला की अख्खा कळप मारायचा. एके दिवशी पिएरला स्वतःच्याच एका गाईच्या पाठीवर रक्त दिसतं. तो तिला मारतो, रात्री गुपचूप विल्हेवाट लावतो आणि मग हिशेब जुळवायला खोट्यावर खोटं रचत जातो. त्याची सख्खी बहीण जनावरांची डॉक्टर आहे, म्हणजे पहिलं खोटं तिच्याशीच. स्वान आर्लोला या भूमिकेसाठी २०१८चा सेझार पुरस्कार मिळाला. बहिणीचं काम करणाऱ्या सारा जिरोदोलाही मिळाला आणि पहिल्या चित्रपटाचा शारुएलला.

शारुएल स्वतः दूधवाल्या शेतकऱ्यांचा मुलगा. युरोपात ‘मॅड काऊ’ची धास्ती होती तेव्हा तो शाळेत होता. सिनेमा त्याच्या घरच्या गोठ्यावरच शूट झालाय आणि ते दिसतं. पिएर गाईजवळ जातो तेव्हा आधी हात तिच्या अंगावर टेकवतो, मग बोलतो. नटाला असं सांगून येत नाही.

पण माझी तक्रार वेगळी आहे. सिनेमाला संशयाचा पहिला क्षण अचूक सापडलाय, लपवाछपवीही सापडलीय. लपवायचं कुणापासून, हे मात्र त्याने फार सोपं करून घेतलंय.

ऑगस्ट २०२२मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी सापडला आणि काही आठवड्यांत राज्यभर गेला. सगळा महाराष्ट्र ‘नियंत्रित क्षेत्र’ झाला, गुरांचे बाजार बंद झाले. पालघर तर गुजरातला लागून, आणि तिथे रोग आधीच थैमान घालत होता. मामाकडे तेव्हा चार गायी होत्या, दोन संकरित, दोन गावठी, आणि एक वासरू. बोईसरच्या इमारतींमध्ये त्याचा अठरा घरांचा रतीब होता. त्यातलं एक घर आमचं.

एका संकरित गाईने सकाळी वैरणीला तोंड लावलं नाही. मामाचा पहिला संशय नाल्याच्या पाण्यावर. तारापूरच्या कारखान्यांशेजारी राहणाऱ्या माणसाचा पहिला संशय नेहमी पाण्यावरच असतो. दुसऱ्या दिवशी अंगभर गाठी आल्या, पुढचे पाय सुजले. मग पाण्याचा प्रश्न उरला नाही. लम्पी देवीच्या जातीच्या विषाणूने होतो, तो पसरवतात डास, गोमाश्या आणि गोचीड. माणसाला तो होत नाही.

हे शेवटचं वाक्य सरकार सांगत होतं, डॉक्टर सांगत होते. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र गाठींनी भरलेल्या गाईचा फोटो आणि खाली ‘दूध घेऊ नका’ असं फिरत होतं. कुणीतरी विचारलं, आपल्या दूधवाल्याकडे काही नाही ना? मी उत्तर टाइप केलं आणि पुसलं. आदल्या रात्रीच मामा फोनवर म्हणाला होता, “भाच्या, तू काय बोलू नको हां.”

मामा सरकारला घाबरत नव्हता. सरकारी डॉक्टर यावा म्हणून तर तो फोन करून थकला होता. त्याला लपवायचं होतं ते अठरा घरांपासून. पिएरच्या गोष्टीत हा माणूसच नाही. त्याचं दूध टाकीत जातं, पुढे डेअरीत जातं. ते विकत घेणारं घर सिनेमात कुठे नाही. म्हणून पिएर कितीही खोटं बोलला तरी आपण त्याच्या बाजूने राहू शकतो. त्याच्या खोट्याने ज्याचं नुकसान व्हायचं त्याला चेहराच नाही, आणि कळप मारायला येणारी यंत्रणा मात्र समोर उभी आहे. दिग्दर्शकाने प्रेक्षकाला अवघड जागी बसवलंच नाही. मी बसलो होतो. रोज सकाळी अर्धा लिटर आमच्याही दाराशी येत होतं. आजारी गाईचं दूध आपण वेगळं काढून ओतून देतो, असं मामाने सांगितलं. गाईला इंजेक्शनं चालू होती, त्यामुळे ते ओतायलाच हवं होतं. किती दिवस ओतलं, हे मी विचारलं नाही.

सरकारी पत्रक हाही एक मजकूरच, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. विलगीकरण करावे, फवारणी करावी, नजीकच्या दवाखान्याशी संपर्क साधावा. यात चुकीचं काही नाही. पण या क्रियापदांना कर्ता नाही आणि जागाही नाही. मामाचा गोठा म्हणजे चाळीच्या भिंतीला टेकलेलं पत्र्याचं छप्पर. विलगीकरण करावे ते कुठे? त्याने वासरू उचलून घराच्या पडवीत आणलं, मामीची जुनी मच्छरदाणी त्याच्यावर बांधली आणि संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी केली. सिनेमातही पिएर वासराला घरात आणतो. तिथले समीक्षक याला वेडेपणाची पायरी समजतील. आमच्याकडे ते पत्रकाचं पालन होतं.

पत्रकाच्या बाहेरही एक ज्ञान फिरत होतं. विड्याची पानं, काळी मिरी, मीठ आणि गूळ वाटून दिवसातून अनेकदा चारायचं. जखमांना हळद, कडुनिंब, खोबरेल. हा नुस्खा मामाला गुजरातकडच्या ट्रकवाल्याने पाठवला होता, मला वाटलं थाप असेल. शोधलं तर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेच तो प्रसारित केलेला. त्याने विषाणू मरतो असं मी म्हणणार नाही. पण खाणं सोडलेल्या गाईजवळ रात्री दर दोन-तीन तासांनी कुणीतरी जाऊन बसत होतं.

लस आली ती शेळ्यांच्या देवीची. तीच लम्पीवर वापरत होते. ती टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. आजारी गाईला तिचा उपयोग नव्हता. दुसऱ्या संकरित गाईला आणि गावठी गायींना टोचली. एका गावठीला थोड्या गाठी आल्या आणि जिरल्या.

आजारी संकरित गाय अकराव्या दिवशी गेली.

त्या रात्री जेसीबी बोलावून ओळखीच्या एका माणसाच्या शेतात खोल खड्डा घेतला, वर चुना टाकला. नियमही तसाच आहे, फक्त रात्री करा असं नियमात नाही. लम्पीने मेलेल्या दुभत्या गाईला राज्य सरकार तीस हजार देत होतं, बैलाला पंचवीस, वासराला सोळा. त्यासाठी पंचनामा हवा. पंचनामा म्हणजे दिवसाउजेडी गोठ्यात माणसं, फोटो, सह्या, आणि पलीकडे चाळीतली पोरं बघायला उभी. संध्याकाळपर्यंत अठरा घरांना कळलं असतं. मामाने अर्ज केलाच नाही. मी चिडून म्हटलं, तीस हजार सोडतोस? तो म्हणाला, “आणि रतीब गेला तर?” त्याने हिशेब महिन्याचा धरला होता, माझा एकरकमी होता.

आपल्या साहित्यात जनावर जातं ते बहुधा दुष्काळात, बाजारात नाहीतर यंत्रापुढे. आनंद यादवांच्या ‘गोतावळ्या’त ट्रॅक्टर येतो आणि नारबाचं जग रिकामं होतं. प्रेमचंदांच्या ‘गोदान’मध्ये होरीच्या गाईला सख्खा भाऊच विष घालतो. दोन्ही थोर कादंबऱ्या, आणि दोन्हींत गाय जाण्यामागे कुणाचा तरी हात आहे. साथीत तो नसतो. डासावर कादंबरी रचता येत नाही, म्हणून लेखक यंत्रणेकडे वळतो. शारुएलही वळला. आपल्याकडे बुळकांडी हा शब्द आता शिवीपुरता उरलाय. तो रोग २०११मध्ये जगातून संपला म्हणून जाहीर झाला. त्याने पिढ्यान्‌पिढ्या गोठे ओस पाडले, पण त्या ओस गोठ्यातला माणूस दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला काय म्हणाला, हे वाचायला मला फार आवडलं असतं.

मग २०२५ आलं आणि सिनेमाची बाजू अचानक भक्कम झाली. जूनमध्ये लम्पी फ्रान्समध्ये पोचला, आल्प्सच्या बाजूच्या साव्ह्वा भागात. तोच विषाणू. सरकारने सिनेमातलाच नियम लावला: एक गाय आजारी, तर अख्खा कळप कापायचा. डिसेंबरात दक्षिणेतल्या आरिएज भागात दोनशेहून अधिक गायींचा एक कळप वाचवायला शेतकऱ्यांनी वाट अडवली, पोलिसांशी झटापट झाली. मी ते व्हिडिओ पाहिले आणि मला शारुएलची थोडी माफी मागावीशी वाटली. त्याने यंत्रणा उगाच मोठी केली नव्हती. त्याच्या देशात ती खरंच गोठ्याच्या दारात येते. आपल्याकडे लम्पी झाला म्हणून गाय मारत नाहीत, रोगी असली तरी ती दाव्यालाच असते, आणि साथ म्हणजे धावपळ नसून लांबलेली शुश्रूषा. तिचा थरारपट होत नाही.

थोडीच माफी, कारण पिएरचा एकटेपणा अजूनही मला जुळवून आणलेला वाटतो. तो इंटरनेटवर बेल्जियममधल्या एका शेतकऱ्याचे व्हिडिओ बघत राहतो. त्या शेतकऱ्याचा कळप आधीच गेलाय. बुली लानर्सने तो सुंदर केलाय, आणि सिनेमातले मला सर्वांत खरे वाटलेले तुकडे तेच: रात्री, हातात फोन, अनोळखी माणसाचा राग. मामाही तसेच व्हिडिओ बघायचा, राजस्थानातले, कच्छमधले. पण सकाळी पाचला त्याला कॅन घेऊन अठरा दारं वाजवावी लागायची. माणसांत राहून गप्प बसणं हे पिएरला करावं लागत नाही.

मागच्या दिवाळीत मी मामाला सिनेमा दाखवला. सबटायटलं वाचून सांगत होतो. वीसेक मिनिटं त्याने नीट पाहिला. गोठा स्वच्छ आहे म्हणाला. सड धुण्याची पद्धत त्याला आवडली. मग विचारलं, “हा दूध कुणाला घालतो?” मी म्हटलं, डेअरीला. “मग याला काय,” म्हणाला आणि धारेची वेळ झाली म्हणून उठला.

गोठ्यात आता नवी गाय आहे. तिच्या कानात बारा आकडी पिवळा टॅग आहे, तो मीच आग्रह करून मारून घ्यायला लावला. मेलेल्या गाईच्या कानात टॅग नव्हता, त्यामुळे कुठल्याच नोंदीत ती कधी आजारी पडली नाही. सोसायटीत तिच्याबद्दल मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.