'कॅनेडियन ब्रास'चे वादन : रूपांतराचे सामर्थ्य आणि मर्यादा

टोरांटो येथे १९७० मध्ये ट्यूबावादक चक डेलनबाख आणि ट्रॉम्बोनवादक जीन वॉट्स यांनी स्थापन केलेला 'कॅनेडियन ब्रास' हा पाच पितळी सुषिर वाद्यांचा वृंद आहे. दोन ट्रम्पेट, फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा एवढ्याच सामग्रीवर तो बाखच्या फ्यूगपासून फॅट्स वॉलरच्या जॅझ रचनांपर्यंत संचार करतो. औपचारिक पोशाखाला पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांची जोड आणि रचनांच्या मधले विनोदी निवेदन पाहता, अभिजात संगीत येथे रंजनाच्या पातळीवर उतरले आहे, असा आक्षेप संभवतो. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

पितळी वाद्यांना व्हॉल्व्हची जोड १८१० च्या दशकात मिळाली. तत्पूर्वी ट्रम्पेट व हॉर्न यांना मुख्यतः नैसर्गिक स्वरश्रेणीवर भिस्त ठेवावी लागे. साहजिकच १७५० मध्ये निधन पावलेल्या बाखला किंवा १७९१ मध्ये निधन पावलेल्या मोझार्टला अशा पंचकासाठी लेखन करणे शक्यच नव्हते. म्हणून रूपांतर ही या वृंदाची हौस नसून गरज आहे. खरा प्रश्न, रूपांतरातून मूळ रचनेविषयी काय उमगते, हा आहे.

बाखची जी मायनरमधील 'लिटल फ्यूग' ही ऑर्गनसाठी रचलेली, चार स्वरपंक्तींची कृती. ऑर्गनवर या साऱ्या पंक्ती एकच वादक सांभाळतो. येथे प्रत्येक पंक्तीला स्वतंत्र श्वास लाभतो. परिणामी वरून खाली उतरत येणारा मुख्य विषय प्रत्येक वेळी नव्या व्यक्तीने उच्चारल्यासारखा स्पष्ट ऐकू येतो. मात्र कळ दाबलेली असेपर्यंत टिकणारा ऑर्गनचा अखंड स्वर श्वासावर चालणाऱ्या वाद्यांना साधत नाही. दोन कळपट्ट्यांच्या हार्प्सिकॉर्डसाठी रचलेल्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'च्या आर्थर फ्रॅकनपोलकृत रूपांतरातही हाच व्यवहार दिसतो. संवाद उजळतो, पण एकाच वादकाच्या दोन हातांनी परस्परांना ओलांडण्यातला ताण हरवतो.

वॉलरच्या पियानोरचनांत डाव्या हाताची झेपावणारी लय हा प्राण असतो. तिचा तळ पेलणारा ट्यूबा जुन्या न्यू ऑर्लिअन्स जॅझमध्येही हेच काम करीत असे. लयीचा आणि तळस्वराचा जो काटेकोरपणा फ्यूगला आवश्यक, तोच येथेही लागतो.

तात्पर्य, या वादनाचे मूल्यमापन अभिजात आणि लोकप्रिय अशा दोन वेगळ्या मापांनी करणे योग्य ठरणार नाही. विनोद हा येथील दोष नव्हे. पितळी स्वरांची झळाळी जेथे दोन रचनांमधला भेदच पुसून टाकते, तेथे दोष निर्माण होतो. आणि जेथे ती रचनेचा बांध उघड करते, तेथे रूपांतर हेच रसग्रहण ठरते.