कॅबरे : एका शिवीची चौकशी

मी गिरणीत काम करणारा माणूस. फ्रेंच मला येत नाही. इंग्रजीसुद्धा खात्यातल्या पाट्या वाचण्यापुरतं. तरी एका फ्रेंच शब्दावर लिहितोय. कारण तो शब्द नाते गावात, बाबासाहेबांच्या जयंतीला, आपल्याच एका पोराच्या तोंडून बाहेर पडला.

महाडहून रायगडाकडे जाताना नाते लागतं. गाणारी बाई पन्नाशीची, तमाशातल्या घराण्यातली. भीमगीत म्हणता म्हणता तिने ठेका धरला, पायाने ताल दिला. एवढंच. मागून आवाज आला, "हा कॅबरे बंद करा!" बाई थांबली. पदर खांद्यावर ओढून खाली उतरली. सगळे गप्प. मीही गप्प. ते गप्प बसणं अजून सलतंय, म्हणून ही चौकशी.

फ्रान्समध्ये कॅबरे म्हणजे मुळात दारू मिळायची जागा. आपल्याकडचा गुत्ता म्हणा. 1881 साली पॅरिसच्या मोंमार्त्र वस्तीत रोदोल्फ सालिसने 'शा न्वार' म्हणजे 'काळं मांजर' नावाचा कॅबरे काढला. तिथे कवी स्वतःच्या कविता म्हणत. पुढे त्याच जागेत आरिस्तिद ब्र्युआँ झोपडपट्टीतल्या, रस्त्यावरच्या लोकांच्या बोलीत गायचा आणि समोर बसलेल्या शेटलोकांचा तोंडावर उद्धार करायचा. जर्मनीत त्याच शब्दाला दात फुटले. तिथे कॅबरे म्हणजे राज्यकर्त्यांची टिंगल. बर्लिनच्या 'काटाकोंब' कॅबरेतला वेर्नर फिंक नाझींना चिमटे काढायचा. 1935 साली त्यांनी कॅबरे बंद केला आणि त्याला छळछावणीत टाकलं.

म्हणजे काय? हा आपला जलसाच की! भीमराव कर्डकांनी ढोलकी हातात घेऊन दुसरं काय केलं?

मग हा शब्द मुंबईच्या सिनेमात आला. कवी गळाला, टिंगल गळाली, उरली फक्त नाचणारी बाई. हेलन महायुद्धात ब्रह्मदेशातून पायी चालत आलेली निर्वासित पोर. घर चालवायला लहान वयात नाचायला उभी राहिली. 1971 च्या 'कारवाँ'मध्ये तिचं नाव मोनिका. अशा सिनेमात एक हिशोब ठरलेला असतो : नाच हिचा बघायचा, लग्न दुसरीशी करायचं. हा हिशोब पॅरिसहून आलेला नाही, दोस्तांनो. तो इथलाच आहे. गावाने आपल्या आयाबायांशी तेच केलं.

'तमाशा' हाही बाहेरचाच शब्द, फारसीतला. फड उभे केले महार, मांग, कोल्हाट्यांनी. आणि पांढरपेशाच्या घरात "तमाशा करू नकोस" म्हणजे लाज आणू नकोस! शब्द आपोआप बाटत नाही. तो कोणाच्या अंगावर पडतो, त्यावर त्याची जात ठरते.

2005 साली महाराष्ट्र सरकारने डान्सबारवर बंदी घातली. पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट ठेवली. नाच तोच. साध्या बारमध्ये अश्लील, मोठ्या हॉटेलात करमणूक. 2006 मध्ये उच्च न्यायालयाने आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव घटनेत बसत नाही असं सांगितलं. घटना कोणी लिहिली ते मी सांगायला नको.

आता तुम्ही मला अडवाल. महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी तमाशाचं उत्पन्न देऊ केलं, बाबासाहेबांनी ते नाकारलं, त्याचं काय? बरोबर, नाकारलं. पण तो नकार कोणाला होता? बामणाच्या फडात महाराच्या पोरी नाचवून आलेल्या पैशाला. मी तरी तो असाच वाचतो. पवळेला हाकलून द्या, असा त्याचा अर्थ लावणारे आपण कोण? नाचवणारी व्यवस्था मोडायची, की तिच्यातून बाहेर आलेल्या बाईलाच स्टेजवरून उतरवायचं? नाते गावात आपण दुसरं केलं. शिकलो, शर्ट इस्त्रीचे झाले, आणि पांढरपेशाची शिवी तेवढी उचलली.

त्या पोरावर माझा राग नाही. त्याला शब्द सिनेमाने दिला. पण आपण लिहिणारे-वाचणारे गप्प का बसलो?

पुढच्या जयंतीला त्या बाईला बोलवायचं तर आधी तिच्या दारात जाऊन माफी मागायला हवी. मी रजा टाकून जाणार आहे. बरोबर कोण येतंय ते कळवा.