काळाचे संगीत : दाली आणि 'त्साइट'

चित्रावरून संगीत रचले असे म्हटले की आपल्या मनात एक सोपी कल्पना येते. चित्रात समुद्र असेल तर वाद्यांत लाटा, चित्रात वादळ असेल तर नगाऱ्यांचा गडगडाट. एका कलेने दुसरीचे भाषांतर करावे, अशी ही समजूत. साल्व्हादोर दालीच्या अतिवास्तववादी चित्रांचे ऋण मान्य करणारा जर्मन संगीतकार एडगर फ्रोझे या वाटेने गेला नाही. त्याच्या 'टँजरिन ड्रीम' या गटाची १९७२ सालची 'त्साइट' ही ध्वनिमुद्रिका म्हणूनच आजही विचार करायला लावते.

फ्रोझेचा जन्म १९४४ चा, पूर्व प्रशियातील टिल्झिट गावचा. युद्धानंतर ते गाव जर्मनीचे उरले नाही. त्याचे नावही बदलले. वडिलांसह घरातील काही जण नाझींकडून मारले गेले, असे त्याच्याविषयीच्या चरित्रपर नोंदी सांगतात. तो पश्चिम बर्लिनमध्ये वाढला, तिथे चित्रकला आणि शिल्पकला शिकला. १९६७ मध्ये आपल्या आधीच्या गटासह त्याने स्पेनच्या किनाऱ्यावर दालीच्या घरी वादन केले. चित्रांत जे चालते ते संगीतात का चालू नये, हा प्रश्न तिथून त्याच्या मागे लागला आणि त्याच वर्षी 'टँजरिन ड्रीम' सुरू झाले. त्या पिढीच्या जर्मन तरुणांपुढे मोठा पेच होता. घरच्या परंपरेवर नाझी राजवटीचे डाग पडलेले, आणि बाहेरून येणारे इंग्लिश-अमेरिकन रॉक आपले नव्हे. बोलायचे तर कोणत्या भाषेत?

'त्साइट' हे या प्रश्नाचे एक उत्तर आहे. शब्दाचा अर्थ 'काळ'. मराठीत काळ म्हणजे वेळ आणि मृत्यूही. इथे दोन्ही अर्थ लागू पडतात. मुखपृष्ठावर काळ्या अवकाशात सूर्यग्रहण. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूवर एकच रचना, मिळून सुमारे ७५ मिनिटे. ताल नाही, गाणे नाही, गुणगुणता येईल अशी चाल नाही. विलंबित आलापीला सरावलेल्या आपल्या कानांना संथपणा नवा नाही. परंतु आलापीत षड्ज असतो, गायक कितीही लांब गेला तरी घरी परततो. येथे सूर लांबत राहतात, पण त्यांचे घर होत नाही. ही अस्वस्थताच या रचनेचा आशय होय.

आता दालीचा संबंध पाहू. त्याच्या १९३१ च्या 'स्मृतीचे सातत्य' या चित्रातील वितळलेली घड्याळे सर्वांना ठाऊक असतात. पण फ्रोझेने घड्याळ उचलले नाही. त्याने उचलली ती दालीची दुहेरी प्रतिमेची युक्ती. १९३७ च्या एका चित्रात तळ्यातील हंसांचे प्रतिबिंब हत्ती होते. पाहणाऱ्याची नजर दोहोंत झुलत राहते. 'त्साइट'च्या पहिल्या रचनेत चार चेलो वाजतात आणि त्यांत मूग सिंथेसायझरचा सूर मिसळतो. लाकूड आणि तार कुठे संपली, वीज कुठे सुरू झाली, हे सांगता येत नाही. कान झुलत राहतो. हे अनुकरण नव्हे. एका कलेने दुसरीकडून घेतलेली रीत आहे.

मात्र येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. हिटलरविषयीच्या आकर्षणावरून १९३४ मध्ये अतिवास्तववादी मंडळींनी दालीला जाब विचारला होता. पुढे तो फ्रँकोचा स्तुतिपाठक झाला. १९७५ मध्ये त्या राजवटीने पाच जणांना मृत्युदंड दिला, त्याचेही त्याने समर्थन केले. हिटलरच्या राजवटीने ज्याचे घर मोडले, त्याने अशा माणसाकडून स्वातंत्र्य शिकावे काय?

कला आणि कलावंत वेगळे, असे म्हणून हा प्रश्न मिटवणे मला पटत नाही. उत्तर कलाकृतीतच शोधले पाहिजे. दालीच्या चित्रात दाली सतत समोर उभा असतो; कौशल्याची मिरवणूक आणि 'मी'चा दिमाख. 'त्साइट'मध्ये नायकच नाही. गिटारवाल्यांना देव मानण्याच्या त्या काळात फ्रोझे स्वतःची गिटार इतकी विरघळवतो की ती गिटार वाटत नाही. त्याने दालीची रीत घेतली, मिजास टाकली. वारसा असा निवडून घेता येतो, हे या मुद्रिकेने दाखवले.

दोष आहेत. चौथी बाजू येईतो गूढतेची सवय होते आणि सवयीची गूढता पोकळ वाटू लागते. शब्दच नसल्यामुळे हे संगीत कोणाला दोषी ठरवत नाही, कोणाची साक्षही काढत नाही. भोगलेले दुःख स्पष्ट शब्दांत मांडा, असा आग्रह आपल्या वाङ्मयीन चर्चेत नेहमी असतो आणि तो रास्तही आहे. अन्यायाची नावे शब्दांनीच घ्यावी लागतात. परंतु शब्दच बाटलेले असतात, असाही काळ समाजावर येतो. तेव्हा जुन्या सुरात खोटे गाण्यापेक्षा अंधारात नवा सूर चाचपडणे अधिक प्रामाणिक ठरते. 'त्साइट' हे तसे चाचपडणे आहे. ते एकदा तरी पूर्ण, दिवा मालवून, ऐकावे.